मशीन आलं आणि घड्याळ गेलं : खाडीच्या तोंडावरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो की छोटी होडी भर समुद्रात सहसा बुडत नाही, खाडीच्या तोंडावर बुडते. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळी बाकीचे प्रश्न (आंब्याचा मोहोर, बोअरवेलचं खारं पाणी, सगळं) बाजूला ठेवलेत. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही रत्नागिरीजवळ खाडीकाठी राहतो. सेकंडहँड फायबरची १८ फुटी होडी घेतलीय, ९.९ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड (मागे लावायचं मशीन). कोजागिरीनंतर दोन दिवसांनी मी आणि चुलतभाऊ सकाळी ६ ला बाहेर पडलो तेव्हा तोंडावर पाणी एकदम गप्प होतं. दुपारी साडेतीनला परत आलो तर त्याच जागी लाटा फुटत होत्या, एक मागून आत आली, होडी आडवी झाली, मशीन बंद पडलं, नशीब म्हणून वाळूला लागलो. वारा रोजचाच होता. बाबा म्हणतात आम्ही वल्ह्यावर नि शिडावर आयुष्य काढलं, असं कधी झालं नाही. मग आमचंच काय चुकलं?

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे दोघं धड आहात हे वाचून बरं वाटलं. चूक होडीत नाही, मशीनमध्ये नाही, वाऱ्यातही फारशी नाही. चूक साडेतीन वाजण्यात आहे.

हिशोब बघा. कोजागिरीनंतर दोन दिवस म्हणजे वद्य द्वितीया, म्हणजे उधाणाचेच, मोठ्या चढउताराचे दिवस. तुमच्याकडे त्या दिवशी भरती दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास भरली असणार. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेसहाच्या आसपास, सुकती (ओहोटी) संपत आलेली. तुम्ही ६ ला गेलात तेव्हा पाणी कमी होतं पण ओढ जवळपास संपलेली, वर जमिनीकडून मतलई वारा, म्हणजे लाटेला उठवणारं कोणीच नाही. नकळत बरोबर वेळेला गेलात. (पाणी एवढं कमी असताना वाट माहीत नसेल तर बूड घासतं, तो वेगळा विषय, तुमची वाट माहितीची होती म्हणून निभावलं.)

आता दुपारचं. एकला भरती भरली, पाणी थोडा वेळ थांबलं, मग परत फिरलं. पाणी उतरतं ते काही सारख्या वेगाने नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांत निघून जातं. तुमच्याकडे उधाणाला दोन मीटरच्या आसपास चढउतार धरला तर मधल्या दोन तासांत मीटरभर पाणी उतरतं, आणि ते फक्त तोंडावरचं नाही, वर पार गावापर्यंत खाडी पसरलीय तिचं सगळं पाणी त्या एका अरुंद जागेतून बाहेर पडायला बघतं. साडेतीन म्हणजे तिसरा तास चालू. ओढ सगळ्यात जोरात तेव्हाच.

आणि समोरून काय येतंय तर दुपारचा खारा वारा आणि त्याच्यामागून समुद्राची लाट. लाट आत येतेय, पाणी बाहेर जातंय. शिमग्याची पालखी आठवा, पुढचे अडले की मागचे अंगावर येतात, मधलं अंतर कमी होतं आणि माणसं उभी चेपतात. लाटेचं तसंच होतं, समोरून ओढ लागली की तिची लांबी कमी होते, उंची वाढते, चेहरा उभा होतो. त्यात खाली वाळूचा दांडा, म्हणजे तोंडावर साचलेला उंचवटा. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट पाणी खाली उरलं की लाट फुटते हा ढोबळ नियम, म्हणजे मीटरभराची लाट सव्वा-दीड मीटर पाण्यात फुटणारच. बाहेर जी लाट तुम्हाला नुसती झुलवत होती तीच दांड्यावर पांढरी होऊन अंगावर आली. वारा रोजचाच होता हे तुमचं खरं आहे, फक्त रोज तो वारा आणि ती सुकती एका वेळेला भेटत नाहीत, भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते ना. म्हणून एकच माणूस आठवडाभर दुपारी तीनला आत येतो, त्याला काही होत नाही, त्याला वाटतं तीनची वेळ चांगली, आणि दहाव्या दिवशी फसतो.

आता बाबांचं. बाबा खोटं बोलत नाहीयेत. वल्ह्यावर सुकतीच्या विरुद्ध आत येताच येत नव्हतं हो! दोन-तीन नॉटची (ताशी चार-पाच किलोमीटरची) ओढ चार माणसं वल्हवून कापत नाहीत, शिडालाही वारा नीट लागला तरच. त्यामुळे ते पाणी फिरेपर्यंत बाहेर नांगर टाकून बिडी ओढत बसायचे आणि भरतीबरोबर आत यायचे. शहाणपण होतंच, पण अर्धं शहाणपण नाइलाजाचं होतं. मशीन आलं आणि आपल्याला वाटलं आता कधीही येऊ. येता येतं, तेच तर वाईट आहे. त्यात लिलाव गाठायचा असतो, बर्फ वितळत असतो, म्हणून नेमकं चुकीच्या तासाला तोंडावर येतो. मी स्वतः असाच लिलावासाठी घुसलोय एकदा, अर्ध्यात भीती वाटली म्हणून वळवायला गेलो, आडवा सापडलो, जाळं गेलं, डबा गेला, शेजारच्या होडीवाल्याने दोर टाकला म्हणून हे सदर लिहितोय.

तेव्हा तुमच्यासाठी एकच सांगणं, जायची वेळ ठरवण्याआधी यायची वेळ ठरवा. भरतीचे शेवटचे दोन तास आणि पाणी थांबतं ती पंधरा-वीस मिनिटं, ही तुमची खिडकी. ती त्या दिवशी साधारण अकरा ते एक होती. अकराला जाळं ओढायला सुरुवात झालेली नसेल तर मग संध्याकाळी सातपर्यंत बाहेरच, मासे नरम पडले तर पडले.

प्रश्न : तिथीवरून भरतीची वेळ काढतात म्हणतात ते कसं? आजोबा सांगायचे पण तेव्हा लक्ष दिलं नाही. (श्रीवर्धनकडचा एक कॉलेजवाला)

उत्तर : तिथीची पाऊणपट कर. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि रात्री दोन्ही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात अकरा ते बाराच्या मधे कुठेतरी. शुद्ध असो की वद्य, तेच. भरतीपासून सहा तास पुढे-मागे केलेस की सुकती संपायची वेळ. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, चढउतार कमी, ओढही कमी, नवशिक्याने तोंड ओलांडायची प्रॅक्टिस याच दिवसांत करावी.

हा अंदाज आहे हं, मोबाईलच्या जमान्यात यावर पैज लावू नकोस. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेला चढते, त्यामुळे मालवणला मुंबईच्या आधी भरते. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरतीची कोष्टकं काढतं, ती किंवा अ‍ॅपवरची वेळ घे आणि आपल्या तोंडावर किती मिनिटांचा फरक पडतो ते स्वतः महिनाभर वहीत लिही. अजून एक गोष्ट कोष्टकात नसते. दाभोळसारखी खाडी लांबच लांब आत गेलेली असते, अशा ठिकाणी तोंडावर पाणी चढायला लागलं तरी आतलं पाणी बराच वेळ बाहेर वाहतच असतं. पावसाळ्यानंतर तर जास्तच. म्हणून घड्याळ बघून झालं की नांगरलेल्या होड्यांची नाळ (पुढचं टोक) कुठे वळलीय ते बघ, त्या खोटं बोलत नाहीत.

प्रश्न : वेळ पाळली तरी थोडी लाट असतेच. प्रत्यक्ष ओलांडताना काय करायचं ते सांगा, बाहेर जाताना आणि येताना. आमच्याकडे दोघांची होडी, कुणी शिकवणारं नाही, मी आधी ड्रायव्हर होतो.

उत्तर : ड्रायव्हर होतात हे चांगलं, फक्त एक विसरा, इथे ब्रेक नाही.

आधी जमिनीवरून बघा. पूर्ण सुकतीला टेकडीवर किंवा काठावर उभं राहिलं की वाळू कुठे, वाट कुठे कळतं, जिथे पाणी फुटत नाही आणि रंग गडद आहे तिथून वाट. दर पावसाळ्यात पूर येतो, वाळू हलते, मे महिन्यातली वाट ऑगस्टमध्ये तिथे असेलच असं नाही. भांगाच्या दिवशी हळूहळू जाऊन दोरीला वजन बांधून पाणी मोजा, वावाच्या (वाव म्हणजे साधारण सहा फूट) खुणा करून. मग जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, देवळाचा कळस आणि मागचं माडाचं झाड असं काहीतरी, पुढची खूण आणि मागची खूण एकावर एक दिसतायत तोवर तुम्ही वाटेत आहात. यातलं झाड दोन वर्षांनी तोडलं गेलं की नवीन खूण शोधा, हे हसण्यासारखं वाटतं पण लोक जुन्याच झाडाच्या आठवणीवर चालवतात.

बाहेर जाताना तोंडाच्या आत, शांत पाण्यात, मशीन चालू ठेवून दहा मिनिटं थांबा. नुसतं बघा. लाटा टोळीने येतात, चार-पाच मोठ्या, मग थोडा निवांतपणा, मग पुन्हा मोठ्या. दोन-तीन टोळ्या जाऊ द्या, निवांतपणा किती वेळ टिकतो ते मोजा, तेवढ्यात दांडा ओलांडून होत असेल तरच निघा. सगळीकडे सलग पांढरं दिसत असेल तर घरी जा, चहा घ्या. निघालात की नाळ लाटेला समोर किंवा अगदी थोडी तिरपी. लाटेवर चढताना जोर द्या, माथ्यावर आलं की जरा सोडा, नाहीतर होडी हवेत जाते आणि पलीकडे आपटते, फायबर तडकतं. पण पूर्ण सोडू नका, थांबलेली होडी आडवी होते. आणि माझ्यासारखं अर्ध्यात वळू नका. दांड्यावर पोचलात की पुढेच.

येतानाचं जास्त अवघड, कारण समुद्राकडून लाटेची पाठ दिसते, फुटणारा चेहरा दिसतच नाही. बाहेरून सगळं बरं वाटतं आणि आत शिरल्यावर कळतं. म्हणून बाहेर अजून जास्त वेळ थांबून बघायचं, काठावर कुणी ओळखीचं असेल तर फोन करून विचारायचं, ‘फुटतंय का रे?’ शेवटची मोठी लाट पुढे गेली की तिच्या पाठीवर बसून यायचं, तिला गाठायचं नाही, माथा ओलांडून तिच्या पुढे तर अजिबात उतरायचं नाही. तिथून उतरलात की नाळ खाली पाण्यात घुसते, मागची बाजू वर उचलून फिरते आणि होडी आडवी, पुढची लाट पालथी घालते. रत्नागिरीच्या दादांचं अर्धं हेच झालं.

आता अडचण अशी की दोन मीटर पाण्यात लाट ताशी साधारण १६ किलोमीटरने धावते आणि मासे भरलेल्या १८ फुटी होडीला ९.९ च्या मशीनवर तेवढा वेग राहीलच असं नाही. मग मागची लाट तुम्हाला गाठणारच. तेव्हा घाबरून पळायचं नाही, मागची बाजू लाटेला बरोबर काटकोनात धरायची, सुकाणू घट्ट, लाट खालून जाईपर्यंत वेग जरा कमी, ती पुढे गेली की पुन्हा जोर. जुने लोक मागे जाड दोर सोडायचे, ओढ लागून होडी सरळ राहते, कल्पना उत्तम, पण आऊटबोर्डच्या पंख्यात तो दोर गेला तर संपलं, सराव नसेल तर नको.

वजन मधे आणि जरा मागे, नाळेत क्रेट रचू नका. जाळी बांधलेली, पायात दोर नाही. मशीनची लाल दोरी (ओढली गेली की मशीन बंद करणारी) मनगटाला. नांगर मोकळा, हाताशी, कारण मशीन बंद पडलं तर नाळ लाटेकडे धरायला तोच एक आहे. उपसायचं भांडं दोरीने बांधलेलं. अर्धा फूट पाणी आत आलं की तुमच्या होडीत सहज अर्धा टन वजन वाढलं, ते इकडून तिकडे धावतं, पुढची लाट मग फार मोठी असावी लागत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर आणि धाकटे दीर पहाटे जातात. लाइफ जॅकेट सरकारी मिळालेलं आहे, ते पोत्याखाली पडून असतं. बोललं की ‘आम्हाला पोहता येतं’ म्हणतात. मी काय करू?

उत्तर : ताई, पोहता येतं ते खरंच असणार. पण डोक्याला होडीची कड लागल्यावर पोहायला शुद्ध लागते, आणि सुकतीची ओढ किनाऱ्याकडे नेत नाही, बाहेर नेते. हे त्यांना मी लिहिलंय म्हणून दाखवा.

जॅकेट का घालत नाहीत तेही समजून घ्या. उकडतं, आणि जाळं ओढताना बक्कल अडकतं, जाळ्याबरोबर माणूस ओढला जायची भीती असते. यात तथ्य आहे. म्हणून सगळा दिवस घाला असं म्हणूच नका, फक्त तोंड ओलांडताना घाला, जाताना पंधरा मिनिटं, येताना पंधरा मिनिटं. एवढं मान्य होतं असा माझा अनुभव आहे.

दुसरं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आज कुठल्या वेळेच्या आत आत येणार आणि ती वेळ चुकली तर बाहेर किती वाजेपर्यंत थांबणार. त्यानंतर तासाभरात फोन नाही आला तर वाट बघत बसू नका. कोस्ट गार्ड १५५४, सागरी पोलीस १०९३, दोन्ही नंबर घरात सगळ्यांच्या फोनमध्ये. होडीचा रंग आणि नंबर, किती माणसं, शेवटचं कुठे होते एवढं तयार ठेवा. वायरलेस सेट असेल तर चॅनेल १६. फोन प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात, डब्याच्या पिशवीत नको.

प्रश्न : अ‍ॅपवर लाट १.२ मीटर दाखवत होती. प्रत्यक्षात डोक्यावरून गेली. अ‍ॅप खोटं का?

उत्तर : खोटं नाही, आपण चुकीचं वाचतो. ते जी उंची देतात ती सर्वात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे अधूनमधून त्याच्या पावणेदोन-दोनपट लाट येणारच, आणि हे झालं बाहेरच्या खोल पाण्याचं. दांड्यावर सुकतीत ती अजून उभी होणार. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लहान होड्यांसाठी वेगळा इशारा देते, त्यात होडीची रुंदी धरून उलटण्याचा धोका काढलेला असतो, नुसत्या उंचीपेक्षा तो बघा. आणि त्यांनी ‘उंच लाटा’ म्हटलं असेल आणि आकाश निरभ्र, वारा नाही, तरी ऐका. हजारो किलोमीटर दक्षिणेला झालेल्या वादळाची लाट आपल्याकडे काही दिवसांनी, वाऱ्याचा पत्ता नसताना पोचते. ती लांब असते, बाहेर जाणवतसुद्धा नाही, तोंडावर उभी राहते तेव्हाच कळते.

प्रश्न : बंदी ३१ जुलैला संपते, आमच्यात मात्र नारळी पौर्णिमेशिवाय होडी काढत नाहीत. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी माशांच्या पैदाशीसाठी आणि तुमच्या जिवासाठी, ती पाळायचीच. त्यानंतर घरचे अजून थांबा म्हणत असतील तर थांबा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तोंडावर काय असतं ते मी बघितलंय. फक्त एक बारीक गोष्ट, पौर्णिमा म्हणजे उधाण. त्या दिवशी दुपारी भरती उतरायला लागली की जी सुकती लागते ती पंधरवड्यातल्या मोठ्यांतली, वरून नदीला पावसाचं पाणी, समोर नैर्ऋत्येची लाट. नारळ द्या, आरती करा, गुलाल उडवा, आणि होडी आठेक दिवसांनी भांगाला काढा. दर्याला राग येणार नाही.

प्रश्न : आमच्या तोंडावर बंधारा बांधून गाळ काढला तर हा त्रास कायमचा जाईल का? (दापोली तालुक्यातून)

उत्तर : कमी होईल, कायमचा नाही. तुमच्याकडचं मला कळतं, वादळाचा इशारा आला की हर्णैच्या सगळ्या बोटी एकदम आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला धावतात आणि नेमकं तोंड वाळूने भरलेलं. भाट्याच्या खाडीची रडकथा तीच. पण नुसता बंधारा घातला की काम झालं असं नसतं. केरळात तिरुअनंतपुरमजवळ मुतलपोळीला तोंडाच्या दोन्ही बाजूंना बंधारे आहेत आणि तिथेच वाळू साचून होड्या उलटतात, कितीतरी माणसं गेली. वाळू किनाऱ्याने सतत चालत असते, बंधारा तिला अडवतो, ती वळसा घालून येते. म्हणून मागणी करताना बंधाऱ्याबरोबर दरवर्षी गाळ काढायचा आणि वाट मोजून बोये (तरंगत्या खुणा) टाकायचा खर्चही लिहून मागा. उद्घाटनाचा नारळ फोडायला सगळे येतात, तिसऱ्या वर्षी ड्रेजर मागायला गेलं की कुणी भेटत नाही.

प्रश्न : उशीर झाला, काळोख पडला, सुकती चालू आहे, तोंडावर फुटतंय असा आवाज येतोय. मग?

उत्तर : मग आत येऊ नका. जवळ दुसरं खोल बंदर असेल आणि डिझेल-पेट्रोल पुरत असेल तर तिकडे जा. नसेल तर दांड्यापासून चांगलं लांब, पाच-सहा वाव पाण्यात, नांगर टाका, दोर खोलीच्या पाच-सात पट सोडा. दिवा लावून ठेवा, रात्री मोठ्या ट्रॉलर त्या वाटेने जातात. घरी फोन करा, सांगा की थांबलोय, पाणी फिरलं की उजाडता येतो. एकाने जागं राहायचं, एकाने झोपायचं. डब्यात भाकरी उरली असेल तर ती आत्ता खा, आणि यासाठीच उद्यापासून दोन भाकऱ्या आणि पाण्याची एक बाटली जास्त घेऊन निघा.